घरच्या कॅसेट, फोटो आणि व्हिडिओंसाठी नॅस घ्यायचा आहे : कोणता, किती मोठा, आणि ठेवायचा कुठे? (वडोदरा)

रावपुरेकर

नमस्कार मंडळी,

घरातला सगळा डेटा चार ठिकाणी विखुरला आहे. तो एका जागी आणून नीट सांभाळायचा, असं आम्ही घरात ठरवलं आहे आणि त्यासाठी नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, घ्यायचा आहे. इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आजोबा म्युझिक कॉलेजात संवादिनीच्या साथीला होते. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा ती हीच, आता विद्यापीठाचा भाग आहे. घरी, दांडिया बाजारात आणि गणेशोत्सवात झालेल्या बैठका आधी आजोबांनी आणि मग बाबांनी कॅसेटवर घेतल्या. अशा दीडशेच्या आसपास कॅसेट आहेत. गाणारे सगळे काही नामवंत नव्हते, पण यातल्या एकाही मैफलीची दुसरी प्रत जगात कुठे नाही. शिवाय लग्नामुंजींच्या मिनीडीव्ही (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या) टेप चाळीसेक, स्कॅन केलेले जुने अल्बम आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो.

सध्या हे दोन यूएसबी हार्ड डिस्क, एक लॅपटॉप आणि गूगल फोटोज यांत वाटलेलं आहे. कॅसेटचं डिजिटायझेशन निम्म्यावर आलं आहे.

माझे प्रश्न : दोन कप्प्यांचा नॅस घ्यावा की चार? कंपनी कोणती? डिस्क कुठल्या? टीव्हीवर सगळं थेट दिसेल का? जुना डेस्कटॉप पडून आहे, त्यातच काम भागेल का? घर तीन मजली आहे, राउटर तळमजल्यावर. बहीण पुण्यात असते, तिलाही हे सगळं पाहता-ऐकता यावं अशी इच्छा आहे.

---

वाघोडियारोड

जुना डेस्कटॉप असेल तर नवीन डबा विकत घेऊच नका. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅसचं सॉफ्टवेअर टाका. डेबियन लिनक्सवर चालतं, फुकट आहे, ब्राउझरमधून सगळं होतं. तसंच ट्रूनॅसही आहे, त्याची झेडएफएस फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते, म्हणजे डिस्कवर एखादा बिट गुपचूप बदलला तरी वाचताना तो पकडला जातो, आणि मिरर (दोन डिस्कवर एकच डेटा) असेल तर आपोआप दुरुस्तही होतो. पन्नास वर्षं टिकवायच्या ध्वनिमुद्रणांना हेच हवं. जे पैसे वाचतील ते चांगल्या डिस्कवर घाला.

---

तांब्याची_तार

रावपुरेकर, आधी हिशोब करू, मग डबा निवडू. उलटं केलं की लोक गरजेच्या तिप्पट खर्च करतात.

कॅसेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घेतल्या तर तासाला साधारण १ जीबी. दीडशे कॅसेट म्हणजे साधारण २०० जीबी, फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता दाबलेल्या फाइलींत) ठेवल्या तर आणखी कमी. मिनीडीव्हीची एक तासाची टेप १३ जीबी घेते, चाळीस टेपचे ५२० जीबी. फोटो आणि फोनचे व्हिडिओ ७०० धरा. सगळं मिळून दीड टीबीच्या आत. दरवर्षी वाढ धरली तरी ४ टीबी तुम्हाला बरीच वर्षं पुरेल. म्हणजे ४ टीबीच्या दोन डिस्क, मिररमध्ये. दोन कप्पे पुरे. चार कप्प्यांचा घेऊन दोन रिकामे ठेवण्यात अर्थ नाही. पुढे जागा संपली तर मोठ्या डिस्क एकेक करून बदलता येतात.

आता तळमजल्यावरच्या राउटरकडे या. ब्रॉडबँडबरोबर येणाऱ्या बऱ्याच डब्यांवरचे लॅन पोर्ट अजून १०० एमबीपीएसचेच असतात. तिथे नॅस जोडलात तर सेकंदाला ११ एमबीच्या वर जाणार नाही, दीड टीबी भरायला दीड दिवस लागेल. गिगाबिट पोर्ट असेल तर तेच काम चार तासांत. पोर्टखाली काय लिहिलंय ते बघा. नसेल तर एक पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच घ्या. वायफायवरून पहिली भरणी करू नका.

जुन्या डेस्कटॉपबद्दल : चालेल, पण तो चोवीस तास ५०-६० वॅट ओढतो. दोन डिस्कचा नॅस १५ ते २० वॅटमध्ये भागवतो. ५० वॅट वर्षभर म्हणजे ४३८ युनिट. तुमच्या लाइट बिलावरचा दर लावून गुणाकार करा. शिवाय त्या पीसीचा पंखा, पॉवर सप्लाय, बायोसची बॅटरी हे सगळं जुनं झालेलं असतं. ज्याला हे हाताळायला आवडतं त्याने जरूर करावं. वाघोडियारोड यांना जमतं, पण रावपुरेकरांच्या घरात ते नसताना आईला किंवा बाबांना तो सुरू करता यायला हवा.

---

समा_सावली

मी तांत्रिक माणूस नाही, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं घर समा भागात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २५ फूट आहे, हे आता वडोदऱ्यातल्या लहान पोरालाही पाठ आहे. आमच्या तळमजल्यात पाणी छातीपर्यंत आलं आणि दोन दिवस राहिलं. टीव्हीखालच्या कपाटात लॅपटॉप होता, त्याच्या शेजारीच बॅकअपची हार्ड डिस्क होती. दोन्ही एकाच वेळी गेल्या. वर न्यायला वेळच नव्हता, आम्ही सासूबाईंना आणि मुलांना वर नेत होतो.

फर्निचर परत आलं, फ्रिज परत आला. मुलीच्या पहिल्या पाच वर्षांचे फोटो आता फक्त नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर जपलेले तेवढेच आहेत, तेही दाबून छोटे झालेले. तुमच्याकडे तर आजोबांच्या कॅसेट आहेत. कृपा करून त्या मशीनला तळमजल्यावर ठेवू नका. आणि एक प्रत घराबाहेर ठेवा, नदीपासून लांब.

---

तांब्याची_तार

समा_सावली ताई, वाईट वाटलं वाचून. तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत, कारण या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि तो मी हिशोबाच्याही आधी लिहायला हवा होता.

दोन डिस्कचा मिरर हा बॅकअप नाही. एक डिस्क बंद पडली तर काम थांबू नये, यापुरताच तो आहे. पूर, आग, चोरी, विजेचा झटका, चुकून डिलीट झालेलं फोल्डर, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर), यांतलं काहीही झालं तर दोन्ही डिस्कवरचं एकदमच जातं. दोन किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवण्यासारखं आहे ते.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. वडोदऱ्यात यातली 'घराबाहेर'ची प्रत मी सगळ्यात वर ठेवतो. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, आणि पाच वर्षांनी परत तेच. आपल्या शहरात पूर कधीतरी येणारच, असं धरूनच रचना करायची.

म्हणून रावपुरेकरांना माझा प्रश्न : पुण्याच्या बहिणीकडे ब्रॉडबँड कसं आहे?

---

रावपुरेकर

समा_सावली ताई, मनापासून आभार. खरं सांगतो, मी राउटरशेजारी तळमजल्यावरच ठेवणार होतो, कारण वायर तिथेच आहे. आता पहिल्या मजल्यावरच ठेवेन.

बहिणीकडे फायबर आहे, अपलोड आणि डाउनलोड दोन्ही शंभर एमबीपीएसच्या वर. माझ्याकडे अपलोड ५० मिळतो. ती म्हणते, मशीन ठेवायला जागा आहे, पण तिला त्याची काही देखभाल जमणार नाही.

---

फीतवेडा

रावपुरेकर, मी इथेच वडोदऱ्यात, अकोट्यात राहतो, सत्तरी ओलांडली आहे आणि टेप हा माझा जुना छंद आहे. नॅसचं ही मंडळी सांगतीलच. मी त्याच्या आधीच्या पायरीबद्दल लिहितो, कारण भरणी चुकली तर पुढे कितीही प्रती केल्या तरी चुकीच्याच प्रती होतील.

पहिलं म्हणजे, एमपी३ मध्ये घेऊ नका. मूळ प्रत फ्लॅक किंवा वेव्हमध्येच हवी. आवाज साफ करणं, खरखर काढणं हे सगळं नंतर, आणि वेगळ्या फाइलवर. मूळ घेतलेली फाइल जशीच्या तशी राहू द्या. आजची खरखर काढणारी साधनं तंबोऱ्याचा वरचा आवाज खातात. दहा वर्षांनी यापेक्षा चांगली साधनं येतील, तेव्हा मूळ फाइल हातात असली पाहिजे.

दुसरं, डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहा. आणि ॲझिमथ, म्हणजे हेडचा कोन, प्रत्येक कॅसेटला ऐकून जुळवा. बाबांनी ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं त्याचा कोन तुमच्या डेकशी जुळेलच असं नाही. आवाज दबलेला, कोंदट वाटतो तो बहुतेक वेळा टेप खराब झाल्यामुळे नसतो, कोन चुकल्यामुळे असतो. बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवला की एकदम पडदा बाजूला होतो. ज्या कॅसेट झाल्या आहेत त्यांतल्या दोनचार परत ऐकून पाहा.

तिसरं, आणि मला सगळ्यात जास्त तळमळ याचीच आहे. फाइलींची नावं. 'साइड ए ०१७' असं नाव ठेवलंत तर तुमच्या मुलांना त्याचा काही उपयोग नाही. साल, ठिकाण, गाणारा, साथीदार, राग. माहीत नसेल तिथे 'अज्ञात' लिहा, पण रकाना मोकळा सोडू नका. बाबा आहेत ना? मग हे काम आज करा. त्यांना शेजारी बसवा, एकेक कॅसेट लावा आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या. तबल्यावर कोण आहे हे त्यांना पहिल्या ठेक्यात कळेल. कॅसेटच्या खोक्यावरच्या कागदाचाही दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. बाबांचं अक्षरसुद्धा जपायची गोष्ट आहे.

मिनीडीव्ही फायरवायरनेच (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या डिजिटल केबलने) उतरवा. यूएसबीच्या स्वस्त कॅप्चर कार्डाने चित्र परत दाबलं जातं. फायरवायरमध्ये टेपवरचा डेटा बिट न् बिट तसाच येतो.

---

मांडवीखालची

फीतवेडा काकांना +१००. नावं ठेवण्याचं फोटोंनाही लागू आहे.

फोटोंबद्दल माझा अनुभव. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण बंद झाली, तेव्हापासून आम्ही दर महिन्याला जागा साफ करत बसायचो. आता नॅसवर इमिच हे फोटो सांभाळणारं सॉफ्टवेअर चालवते. फोनवरचं ॲप वायफायवर आलं की फोटो आपोआप वर चढतात, चेहरे ओळखतं, नकाशावर दाखवतं. सासूबाईंनाही वापरता येतं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याची २.० आवृत्ती आली आणि तेव्हापासून बनवणारे त्याला स्थिर म्हणतात. सिनॉलॉजी कंपनीचा नॅस घेतला तर त्यांचं स्वतःचं सिनॉलॉजी फोटोज आहे, ते बसवायला जास्त सोपं.

पण एक सांगते, फोनमधला फोटो आपोआप नॅसवर जाणं हे सिंक. नॅसवरून चुकून एखादं वर्षच्या वर्ष उडवलं तर? म्हणून स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या स्थितीची नोंद) सुरू ठेवा. फाइल सिस्टीम बीटीआरएफएस किंवा झेडएफएस असेल तर स्नॅपशॉटला फारशी जागा लागत नाही आणि कालची, गेल्या आठवड्याची स्थिती परत आणता येते. मुलाने एकदा आख्खं फोल्डर उडवलं होतं, ते मिनिटात परत आलं.

---

वाघोडियारोड

कंपनीबद्दल कुणीच लिहीना म्हणून मी लिहितो.

सिनॉलॉजीचं सॉफ्टवेअर सगळ्यात नीटनेटकं, यात वाद नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की नव्या प्लस मॉडेलांत त्यांच्याच ठप्प्याच्या डिस्क चालतील. लोक प्रचंड चिडले आणि ऑक्टोबरात डीएसएम (त्यांच्या नॅसची प्रणाली) ७.३ बरोबर ती अट त्यांनी मागे घेतली. म्हणजे आज घ्यायला हरकत नाही, पण ज्या कंपनीने एकदा असं केलं ती परत करू शकते, हे मनात ठेवा. २०२४ मध्ये व्हिडिओ स्टेशनही काढून टाकलं, लोक त्यावर सिनेमे बघत होते.

क्यूनॅपमध्ये त्याच पैशांत हार्डवेअर जास्त चांगलं मिळतं, २.५ गिगाबिट पोर्ट वगैरे. यूग्रीन आणि टेरामास्टरचंही तसंच आहे, आणि त्यांच्यावर हवं तर ट्रूनॅससुद्धा टाकता येतं. मला तेच आवडतं, कारण मग डबा कुणाचाही असो, डेटा माझ्या ताब्यातल्या सॉफ्टवेअरवर राहतो.

---

तांब्याची_तार

वाघोडियारोड, माहिती बरोबर आहे, तरी या घरासाठी मी सिनॉलॉजीच सांगेन. कारण पुण्यातही एक ठेवायचा आहे आणि तिथे देखभाल करणारं कुणी नाही. दोन्हीकडे सिनॉलॉजी असेल तर त्यांच्या हायपर बॅकअप या प्रोग्रामने रात्री आपोआप प्रत जाते, झाली की नाही याचा ईमेल येतो. वडोदऱ्यात डीएस-२२४ प्लस किंवा त्या वर्गातला, पुण्यात एक साधा, स्वस्त डीएस-२२३ जे. पुण्याच्या डब्यावर कुणी सिनेमा बघणार नाही, त्याला फक्त डेटा घेऊन बसायचं आहे. तिथे एकच डिस्क टाकली तरी चालेल, कारण ती घराबाहेरची जादा प्रत आहे.

डिस्क घेताना डोळे उघडे ठेवा. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या साध्या 'रेड'मधल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर तंत्राच्या केल्या होत्या. एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर अर्धवट चढवून लिहिले जातात. जागा जास्त मावते, पण एक डिस्क बदलून मिरर परत उभा करताना ती रडकुंडीला आणते. तेव्हापासून 'रेड प्लस' म्हणजे सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवणारी) असं त्यांनी वेगळं केलं. सीगेटच्या आयर्नवुल्फ सगळ्या सीएमआर आहेत. या दोन्हींपैकी कुठलीही घ्या. सीसीटीव्हीवाल्या डिस्क किंवा डेस्कटॉपच्या डिस्क स्वस्त मिळाल्या म्हणून घेऊ नका.

दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, पैसे देण्याआधी अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते तपासा. परदेशातून आडमार्गाने आलेल्या डिस्कना इथे वॉरंटी मिळत नाही. शक्य असेल तर दोन डिस्क दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या, म्हणजे एकाच खोक्यातल्या नसतील. आल्या आल्या डेटा भरू नका. आधी रातभर विस्तारित स्मार्ट चाचणी (डिस्कची स्वतःची तपासणी) चालवा. नवीन डिस्क खराब निघायची असेल तर बऱ्याचदा सुरुवातीलाच निघते. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्याकडच्या तीन लाखांच्या आसपास डिस्कची आकडेवारी जाहीर करते, २०२४ साली वर्षभरात १.५७ टक्के डिस्क बिघडल्या. थोडक्यात, चांगली डिस्कही कधीतरी जातेच. त्या दिवशी घाबरून जायची वेळ येऊ नये, एवढीच सगळी धडपड.

---

मांडवीखालची

टीव्हीचं राहिलं. रावपुरेकर, नॅसमध्ये जोरदार प्रोसेसर हवा असं लोक सांगतात ते ट्रान्सकोडिंगसाठी, म्हणजे टीव्हीला न समजणारा व्हिडिओ चालता चालता बदलून देण्यासाठी. पण आजचे टीव्ही एच.२६४ आणि एचईव्हीसी या प्रकारचे व्हिडिओ थेट चालवतात, मग नॅस फक्त फाइल पुढे सरकवतो. अडचण येईल ती तुमच्या मिनीडीव्हीच्या फाइलींची. त्या डीव्ही एव्हीआय असतात, टीव्ही त्यांना हात लावत नाही. त्यांची एकदाच हँडब्रेक या प्रोग्राममधून एच.२६४ ची 'बघायची प्रत' करा आणि मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये बंद ठेवा. हे केलंत की महागडा प्रोसेसर लागत नाही.

दाखवायला जेलीफिन वापरा. २०१८ मध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेलं, पूर्ण फुकट. प्लेक्सही तसंच, देखणं आहे, पण २०२५ मध्ये त्यांनी आजीवन पासचा भाव दुपटीवर नेला आणि घराबाहेरून बघायलाही पैसे मागायला लागले.

---

रावपुरेकर

किती माहिती! सगळं वहीत उतरवून घेतोय. आज पोर्ट पाहिला, शंभरचाच निघाला. स्विच आणतो सयाजीगंजातून.

दोन शंका. घरात इन्व्हर्टर आहे, मग वेगळा यूपीएस लागेल का? आणि पुण्याहून बहिणीला बघायचं तर राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडावा लागतो असं एका व्हिडिओत पाहिलं, ते कसं करायचं?

---

तांब्याची_तार

पोर्ट उघडू नका. कुणीही सांगितलं तरी नाही.

जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले हजारो क्यूनॅप नॅस कुलूपबंद केले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकरने तेच केलं होतं, आणि जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हचा डेटा लोकांच्या डोळ्यांदेखत पुसला गेला. या लोकांनी काही विचित्र केलं नव्हतं. घराबाहेरून फोटो दिसावेत म्हणून मशीन इंटरनेटला तोंड करून ठेवलं होतं, इतकंच. आजही राउटरमधली यूपीएनपी ही सोय चालू असेल तर नॅस स्वतःहून राउटरमध्ये पोर्ट उघडू शकतो. राउटरमध्ये जाऊन ते बंद करा.

शिवाय आपल्याकडे बहुतेक ब्रॉडबँड सीजीएनएटीच्या मागे असतं, म्हणजे अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता. पोर्ट उघडूनही बरेचदा काही होत नाही. टेलस्केल हे खासगी जाळं जोडणारं सॉफ्टवेअर टाका. वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर बांधलेलं आहे, घरगुती वापराला फुकट. दोन्ही नॅसवर, तुमच्या आणि बहिणीच्या फोनवर बसवलं की ही चार यंत्रं एकाच घरात असल्यासारखी एकमेकांना दिसतात, बाहेरच्याला काहीच दिसत नाही. रोजच्या वापराचं खातं वेगळं ठेवा आणि ॲडमिन खात्याला दोन टप्प्यांची ओळख लावा.

यूपीएस हवाच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर उचलतो ते ठीक, पण इन्व्हर्टरची बॅटरी संपायला आली हे नॅसला कोण सांगणार? छोटा ६०० व्हीएचा यूपीएस, पण यूएसबीने नॅसला जोडता येणारा घ्या. बॅटरी उतरू लागली की नॅस स्वतः फाइली बंद करून शांतपणे थांबतो. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल सिस्टीमला इजा होऊ शकते. जवळ असतील तर राउटर आणि स्विचही त्याच यूपीएसवर लावा.

पुण्याची पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवू नका. ५० च्या अपलोडवर १ टीबीला सलग ४४ तास लागतात, तेही सगळं सुरळीत चाललं तर. दोन्ही नॅस आधी वडोदऱ्यात, एकाच स्विचवर लावा, पूर्ण प्रत करून घ्या, मग दुसरा डबा पुण्याला न्या. डिस्क बाहेर काढून, स्पंजात गुंडाळून, हातातल्या बॅगेत. नंतर महिन्याला ३० जीबी नवीन आलं तरी दीड तासाचं काम, रात्री होऊन जातं.

---

वाघोडियारोड

ठीक आहे, दोन घरांत दोन डबे असतील तर मी माझा डेस्कटॉपचा हट्ट सोडतो. पण तो डेस्कटॉप टाकून देऊ नका. तिसऱ्या यूएसबी डिस्कवर महिन्यातून एकदा प्रत काढून ती बँकेच्या लॉकरमध्ये किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला उपयोगी पडेल. जी डिस्क कशालाही जोडलेली नाही, तिला रॅन्समवेअर पोचू शकत नाही.

आणि एन्क्रिप्शन, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही असं करणं. पुण्याला जाणारी प्रत एन्क्रिप्ट करा. बहिणीवर विश्वास आहेच, पण मशीन चोरीला गेलं तर घरातली सगळी कागदपत्रं कुणाच्या हाती पडायला नकोत.

---

समा_सावली

वर ठेवा म्हणाले तेव्हा एक सांगायचं राहिलं. अगदी वरच्या मजल्यावरही नको. मे महिन्यात आमच्या गच्चीखालच्या खोलीत बसवत नाही. मशीनला ते सोसेल का?

---

तांब्याची_तार

बरोबर हेरलंत ताई. स्लॅबखालची खोली नको. मधला मजला, भिंतीपासून चार बोटं सुटी, वारा खेळेल अशी जागा, बंद कपाटात नाही. नॅसमध्ये डिस्कचं तापमान दिसतं, ते ४५ अंशांच्या खाली राहावं असं बघा. उन्हाळ्यात त्यावर जायला लागलं तर पंख्याचा वेग वाढवायची सोय सेटिंगमध्ये आहे. पावसाळ्याआधी हवेच्या जाळीवरची धूळ काढा.

---

रावपुरेकर

ठरलं. दोन कप्प्यांचा सिनॉलॉजी पहिल्या मजल्यावर, ४ टीबीच्या दोन सीएमआर डिस्क, यूएसबीवाला यूपीएस. पुण्याला छोटा डबा, एन्क्रिप्टेड. एक सुटी डिस्क माझ्या ऑफिसात. फोटोंसाठी सिनॉलॉजी फोटोज, टीव्हीसाठी जेलीफिन. स्विच आणला आहे.

काल रात्री फीतवेडा काकांचं ऐकून एक कॅसेट परत लावली, कोन फिरवून पाहिला. सारंगी अशी मोकळी झाली की बाबा आतून उठून आले. आता ते रोज जेवणानंतर बसणार म्हणतात, मी लिहून घेणार.

एक शेवटचा प्रश्न. एन्क्रिप्शनची चावी आणि ॲडमिन पासवर्ड माझ्या एकट्याकडेच राहिला तर? मला काही झालं तर हे सगळं कुलुपातच राहील.

---

मांडवीखालची

फार महत्त्वाचा प्रश्न. आमच्याकडे कागदावर लिहून ठेवलं आहे. पासवर्ड, चावीची फाइल कुठे आहे, नॅस बंद पडला तर डिस्क काढून काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे सगळं साध्या मराठीत दोन पानांवर. एक पाकीट मृत्युपत्राबरोबर, एक माहेरी भावाकडे. चावी फक्त नॅसमध्येच ठेवू नका, नॅस गेला तर तीही जाईल. आणि वर्षातून एकदा घरातल्या दुसऱ्या कुणालातरी तो कागद हातात देऊन पुण्याच्या प्रतीतून एक फाइल परत आणायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. कागदात काय लिहायचं राहिलं ते लगेच कळतं.

---

फीतवेडा

बाबांना माझा नमस्कार सांगा. मिनीडीव्हीसाठी कॅमेरा चालू स्थितीत आहे का तुमच्याकडे? नसेल तर माझ्याकडे एक आहे, आणि फायरवायर असलेला जुना लॅपटॉपही. व्यक्तिगत निरोपात फोन नंबर पाठवा, रविवारी सकाळी अकोट्याला या. येताना सगळ्यात जुन्या टेप आधी आणा, त्यांच्यावर बुरशी आहे का ते खिडकीच्या उजेडात पाहू. बुरशी असेल तर ती टेप कॅमेऱ्यात घालायची नाही, तिचं वेगळं करावं लागतं.